डेमो गाडी घ्यावी की नवी नोंदवावी?

विजेवर चालणारी मोटार घ्यायचं घरात एकदा ठरलं, की पुढचा पेच शोरूममध्ये पडतो. नवी गाडी नोंदवली तर रंग आणि मॉडेल मनासारखं मिळतं, पण गाडी दारात यायला कित्येक आठवडे लागतात. तेवढ्यात सेल्समन आवाज खाली आणून सांगतो, "साहेब, डेमोची एक गाडी आहे. नवीच समजा. लाख-सव्वा लाख कमी करून देतो." व्याजाच्या कर्जाला हात न लावता, पै-पै जमवून गाडी घेणाऱ्या घराला लाख-सव्वा लाख ही लहान रक्कम नाही. त्यामुळे मन लगेच तिकडे झुकतं. ते झुकण्याआधी कोणता हिशेब मांडायचा, तो या लेखात देत आहोत.

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या वर्षी आला. आम्ही तासगावचे. अब्बांचं डायलिसिस सुरू झालं आणि आठवड्यातून तीन वेळा मिरजेला जाणं ठरून गेलं. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर आणि मध्ये चार तास मशीनवर. परतताना माणूस इतका गळून गेलेला असतो, की एसटीची पायरी चढणंही जड जातं. वडाप तर नकोच. भाड्याची गाडी एका फेरीला दीड हजार रुपये घ्यायची. महिन्याच्या तेरा फेऱ्या धरल्या तर साडेएकोणीस हजार. घरची गाडी घेणं भाग होतं आणि रोजचा रस्ता ठरलेला असल्यामुळे विजेची गाडी सोयीची होती. थोडे साठवलेले पैसे होते, थोडे कुवेतमधल्या भावाने कर्जे हसना म्हणून दिले. चूक परवडणारी नव्हती, म्हणून सांगली आणि कोल्हापूरच्या शोरूममध्ये हेलपाटे घालून, प्रत्येक कागद मागून पाहूनच आम्ही निर्णय घेतला.

एकाच नावाखाली वेगवेगळ्या गाड्या

पहिली गोष्ट अशी, की 'डेमो' किंवा 'शोरूमची गाडी' हे एका प्रकारच्या गाडीचं नाव नाही. त्यात निदान दोन प्रकार मिसळलेले असतात आणि दोघांत मोठा फरक आहे.

एक प्रकार खऱ्या डेमो गाडीचा. ही गाडी डीलरने स्वतःच्या नावावर पासिंग करून घेतलेली असते. गिऱ्हाइकांना चालवून दाखवण्यासाठी ती रोज रस्त्यावर जाते. सहा-आठ महिने किंवा वर्षभर वापरून डीलर ती विकायला काढतो. आरसीवर पहिला मालक डीलर असतो. तुम्ही ती घेतली, की कायद्याच्या नजरेत तुम्ही दुसरे मालक होता.

दुसरा प्रकार शोरूममध्ये काचेआड उभ्या केलेल्या किंवा यार्डात पडून राहिलेल्या गाडीचा. हिचं पासिंग झालेलं नसतं. लोक आत बसून बघून गेलेले असतात, दारं शेकडो वेळा उघडलेली असतात, पण रस्त्यावर ती फारशी चाललेली नसते. ही घेतली तर आरसीवर पहिलं नाव तुमचंच लागतं.

सेल्समन दोन्हींना 'डेमो' म्हणतो आणि दोन्हींना 'नवीच समजा' म्हणतो. म्हणून किंमत विचारण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: गाडीचं पासिंग झालं आहे का, आणि झालं असेल तर कुणाच्या नावावर? उत्तर तोंडी घेऊ नका. गाडीचा नंबर घेऊन एमपरिवहन ॲपवर टाका. पासिंगची तारीख, मालकाचा क्रम, विम्याची मुदत, गाडीवर बँकेचा बोजा आहे की नाही, हे सगळं तिथे दिसतं. आम्हाला एका ठिकाणी 'फक्त शोरूममध्ये उभी होती' असं सांगितलेली गाडी ॲपवर दहा महिन्यांपूर्वी डीलरच्या नावावर पास झालेली निघाली. मीटरवर ८,६०० किलोमीटर होते.

पहिल्या नावाची किंमत

पेट्रोलच्या गाडीत दुसरा मालक होण्याने फारसं बिघडत नाही. विजेच्या गाडीत बिघडतं, कारण गाडीच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीत असतो आणि बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा पहिल्या मालकाशी बांधलेली असते.

एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आली, तेव्हा पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी जाहीर झाली. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली, की ती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरवर येते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांनाही पहिल्या खासगी मालकासाठी आजीवन वॉरंटी आणि पुढच्या मालकासाठी १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर, अशी विभागणी जाहीर झाली. इतर अनेक गाड्यांवर सरसकट ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. तिथे मालक बदलला तरी उरलेली वॉरंटी सहसा गाडीबरोबर पुढे येते. पण मोजणी पहिल्या पासिंगच्या तारखेपासून होते, तुम्ही गाडी घेतली त्या दिवसापासून नाही.

म्हणून डेमो गाडी घेताना डीलरकडून नव्हे, कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं: डीलरच्या नावावर पास झालेली ही गाडी माझ्या नावावर आल्यावर बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि कोणत्या तारखेपासून? कंपनीच्या ग्राहक सेवेला चेसिस नंबर देऊन ईमेल केला, की उत्तर येतं. आम्हाला चार दिवसांत आलं. त्या उत्तराने निम्मा निर्णय करून टाकला.

बॅटरी उभ्या गाडीतही म्हातारी होते

"फक्त आठ हजार किलोमीटर चाललीय" हे वाक्य पेट्रोलच्या काळातलं आहे. लिथियम बॅटरीचं वय किलोमीटरने वाढतं तसं कॅलेंडरनेही वाढतं. गाडी चालली नाही, तरी बॅटरी थोडीथोडी झिजत असते. उन्हात, पूर्ण चार्ज करून महिनोन्‌महिने उभी ठेवली तर जास्त झिजते. अगदी रिकामी होऊन पडून राहिली तर त्याहून वाईट. गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली असावी. यार्डातल्या गाडीची एवढी काळजी कुणी घेतली, हे विचारायला हवं.

डेमो गाडीचं दुखणं वेगळं. ती दिवसातून अनेकदा अनोळखी हातांत जाते. प्रत्येकाला तिची झेप बघायची असते, त्यामुळे जोरात पळवणं आणि करकचून ब्रेक लावणं रोजचं. टायर लवकर घासतात. वेळ वाचवण्यासाठी फास्ट चार्जरवर वारंवार लावली जाते. ठरावीक मर्यादेत याने फार नुकसान होत नाही, पण नव्या गाडीइतकाच भाव द्यावा असंही ते नाही.

आमच्या तासगावच्या बाजारात गेल्या हंगामाचा बेदाणा कोल्ड स्टोरेजमधून सौद्याला येतो. तो वाईट नसतो. नीट ठेवलेला असेल तर चवीला उत्तम असतो. पण नव्या मालाच्या भावाने तो कुणी घेत नाही आणि इमानदार व्यापारी तो नवा म्हणून सांगतही नाही. गाडीलाही हाच न्याय लावावा.

बॅटरीची तब्येत बघायचे दोन मार्ग आहेत. एक, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल मागावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता किती टक्के शिल्लक आहे ते कळतं. दुसरा मार्ग घरगुती हिशेबाचा. बॅटरी ३० युनिटची असेल आणि २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरली, तर आत साधारण १८ युनिट जायला हवेत. फास्ट चार्जरच्या पडद्यावर किती युनिट दिले ते दिसतं. आकडा १८ च्या आसपास असेल तर ठीक. १५ वरच थांबला तर अहवाल मागितल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या 'उरलेल्या किलोमीटर'वरून मात्र बॅटरीची पारख करू नये. तो आकडा आधी गाडी कशी चालवली होती त्यावर हलतो. डेमो गाडीत तो कमीच दिसणार.

सूट खरी किती?

आता पैशांचं बोलू. समजा नव्या गाडीची शोरूम किंमत १२ लाख रुपये आहे आणि दहा महिन्यांच्या डेमो गाडीवर १ लाख २० हजार सूट मिळते आहे. ऐकायला बरं वाटतं. पण विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना वयाप्रमाणे घट धरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, एक ते दोन वर्षं २० टक्के. म्हणजे दहा महिन्यांच्या गाडीची घट विम्याच्या हिशेबानेच १ लाख ८० हजार होते. डीलर १ लाख २० हजार देतो म्हणजे तो बाजारभावापेक्षा स्वस्त देत नाही, महाग देतो. घासाघीस करताना हा तक्ता खिशात ठेवावा. त्यापुढे बोलायला डीलरला फारशी जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट रोड टॅक्सची. पेट्रोलच्या डेमो गाडीत एक छुपी बचत असते. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्के किंवा जास्त कर लागतो आणि डेमो गाडीवर तो डीलरने आधीच भरलेला असतो. विजेच्या गाडीला राज्याच्या धोरणाप्रमाणे हा कर माफ आहे. मग डीलरने भरलेल्या करापोटी तुमचं काही वाचत नाही. "टॅक्स भरलेला आहे" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

तुलना करताना नव्या गाडीची आजची किंमत घ्यावी. विजेच्या गाड्यांच्या किमती उतरतातही. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत खाली आणली होती. तेव्हा जुन्या किमतीवर लाखभर सूट घेणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नसतं.

डेमोच्या बाजूनेही एक-दोन गोष्टी धराव्यात. नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. डेमो गाडीवर त्यातला उरलेला विमा असतो. शिवाय १० लाखांवरच्या नव्या गाडीच्या किमतीवर १ टक्का टीसीएस भरावा लागतो. तो आयकर विवरणपत्र भरून परत मिळतो किंवा करातून वळता होतो. पण घरात कुणी विवरणपत्र भरतच नसेल तर ते पैसे अडकून पडतात.

आणखी एक. काही ठिकाणी जाहीर केलेली सूट गाडी कर्जावर घेतली तरच मिळते. आपल्याला व्याज द्यायचं नाही, तेव्हा रक्कम एकरकमी भरल्यास किंमत किती, ते सुरुवातीलाच लेखी मागावं. पैसे चेकने किंवा बँकेतूनच द्यावेत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे.

थांबण्यालाही किंमत असते

सूट मोजणारे बहुतेक लोक एक आकडा विसरतात. नवी गाडी येईपर्यंत आपण काय करणार? ज्या घरात दुसरी गाडी आहे त्यांना तीन महिने थांबायला काही खर्च नाही. आमच्यासारख्या घराला आहे. अकरा आठवडे थांबायचं तर तेहेतीस फेऱ्या भाड्याच्या गाडीने. घरच्या विजेच्या गाडीला साठ किलोमीटरला नऊएक युनिट लागतात, म्हणजे शंभर रुपये धरा. दीड हजारातून शंभर वजा केले तर फेरीमागे चौदाशे, एकूण ४६ हजार २०० रुपये. शिवाय एखाद्या पहाटे भाड्याची गाडी आलीच नाही तर डायलिसिस चुकण्याची धास्ती. तिचा भाव कसा लावणार?

आमच्यासमोर तीन पर्याय होते. पहिला, डीलरच्या नावावर पास झालेली दहा महिन्यांची डेमो गाडी, १ लाख २० हजार सूट, आठवड्यात ताबा. दुसरा, नवी नोंदवणं, सूट नाही, अकरा आठवडे वाट. तिसरा आम्ही विचारल्यावर पुढे आला. त्याच मॉडेलची, पाच महिन्यांपासून यार्डात उभी असलेली, पासिंग न झालेली गाडी. रंग मातकट होता म्हणून उठली नव्हती. ५५ हजार सूट, आठ दिवसांत ताबा.

थांबण्याचा खर्च धरला तर नव्या नोंदणीच्या मानाने डेमो गाडी १ लाख ६६ हजारांनी स्वस्त पडत होती आणि यार्डातली गाडी १ लाख १ हजाराने. दोघींत फरक ६५ हजारांचा. त्या ६५ हजारांसाठी पहिलं नाव, पूर्ण वॉरंटी आणि पुढे विकतानाचा भाव सोडायचा का, एवढाच प्रश्न उरला. आम्ही डेमोवर १ लाख ८० हजारांची सूट मागून पाहिली. डीलर तयार झाला नाही. मग यार्डातली गाडी घेतली. अब्बांना आधीच आत बसवून पाहिलं होतं. विजेच्या काही गाड्यांत बॅटरी खाली असल्याने तळ उंच येतो आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे वर राहतात. अब्बा म्हणाले, "बसायला सगळ्याच बऱ्या. उठायला कुठली बरी ते बघा." म्हाताऱ्या माणसासाठी गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गाडी ताब्यात घेण्याआधी

यार्डातली गाडी असो वा डेमो, या गोष्टी दिवसाउजेडी तपासाव्यात.

फॉर्म २२ वर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते पाहावं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली तरी पुढे विकताना ती आदल्या वर्षाचीच धरली जाते.

गाडी लिफ्टवर चढवून खालून बॅटरीचं कवच पाहावं. स्पीडब्रेकरला घासल्याचा खोल ओरखडा किंवा पोचा असेल तर घेऊ नये. अशा मारामुळे वॉरंटी नाकारली जाऊ शकते. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना पुढचं सांगायला नको: सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, गालिच्याखाली चिखल, कुबट वास आहे का पाहावं आणि यार्डात कधी पाणी शिरलं होतं का तेही विचारावं.

छोटी १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत उतरते. ती नवी बसवून मागावी. टायर एका जागी दबलेले नाहीत ना ते पाहावं. सोबत मिळणारी चार्जिंग केबल, दोन्ही किल्ल्या आणि घरी बसवायचा चार्जर या सगळ्यांची नावं बिलात लिहून घ्यावीत. डेमो गाडीत घरचा चार्जर पुष्कळदा दिला जात नाही. मोबाइल ॲपवरून डीलरचं खातं काढून आपलं जोडून घ्यावं. नाहीतर गाडी कुठे आहे ते दुसऱ्याच्या फोनवर दिसत राहील.

डेमो गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलावं लागतं. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा ना हरकत दाखला हवा. विमा आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवसांची मुदत असते. ती चुकवू नये.

सौद्यातला ऐब

विकणाऱ्याने मालातला ऐब सांगितलाच पाहिजे, लपवून विकणं जायज नाही, ही शिकवण आपल्या घराघरात मुलांना दिली जाते. लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, असं फिकहच्या पुस्तकांतही सविस्तर आलं आहे. देशाचा कायदाही त्याच बाजूला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली वापरलेली वस्तू नवी म्हणून विकल्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण तक्रार टिकते ती कागदावर. म्हणून सेल्समनचं प्रत्येक आश्वासन कोटेशनवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावं.

कुणी काय घ्यावं?

डेमो गाडी वाईट नसते. रोजचं जाणं-येणं पन्नास-साठ किलोमीटरचं आहे, गाडी आठ-दहा वर्षं विकायची नाही, बॅटरीचा अहवाल चांगला आहे आणि सूट विम्याच्या तक्त्याइतकी किंवा जास्त मिळते आहे, अशा घराने ती बेलाशक घ्यावी. एवढ्या अंतराला बॅटरी तीन-चार टक्के कमी असली तरी फरक पडत नाही. ज्यांना मुंबई-पुण्याच्या लांब फेऱ्या आहेत, चार-पाच वर्षांत गाडी बदलायची आहे आणि थांबायला सवड आहे, त्यांनी नवी नोंदवावी. गरज तातडीची आहे पण पहिलं नावही सोडायचं नाही, त्यांनी यार्डात उभी असलेली, पासिंग न झालेली गाडी आहे का ते आवर्जून विचारावं. सेल्समन ती आपणहून दाखवतोच असं नाही.

आणि टोकन देण्याआधी एक अट पावतीवर लिहून घ्यावी: बॅटरीचा अहवाल किंवा कागद समाधानकारक नसतील तर पूर्ण रक्कम परत. ही ओळ लिहून द्यायला जो डीलर का-कू करतो, त्याच्याकडून घाईने काही घेऊ नये. दुसरं शोरूम बघावं.